तळपायाचा डाग आणि बांगडीसारखा आरएनए : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात त्वचेच्या कर्करोगातल्या वर्तुळाकार आरएनएवर एक टिपण छापलं होतं. पेशीतला काही आरएनए दोरीसारखा सुटा नसतो, बांगडीसारखा बंद असतो आणि मेलानोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग) पसरण्याशी त्यातल्या काहींचा संबंध दिसतो, एवढाच त्याचा मुद्दा. त्यावर आलेली पत्रं दोन प्रकारची आहेत. काही प्रयोगशाळेतून आली, काही घरच्या काळजीतून. आम्ही ती वेगळी केलेली नाहीत. नावं वगळून फक्त ठिकाण ठेवलं आहे.

माझी माय ६२ वर्षांची आहे. उजव्या टाचेखाली काळा डाग आहे. दोन वर्षांपूर्वी ज्वारीच्या दाण्याएवढा होता, आता रुपयाएवढा झाला. मधूनच ओला होतो, दुखत नाही. गावात बिब्बा लावा म्हणतात. तुम्ही लिहिलेली गोल आरएनएची तपासणी नागपुरात कुठे होते? (काटोल)

आधी बिब्ब्याचं. लावू नका. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतो, वरचा थर गळून पडतो. मग डाग गेल्यासारखा वाटतो आणि खालची गाठ तशीच राहते. डागाची खोली मिलिमीटरमध्ये मोजण्यावर पुढचे सगळे उपचार ठरतात. वरचा भाग जळून गेला की ते मोजमाप कायमचं बिघडतं. चुना, ॲसिड, दोरा बांधणं, पार्लरमधलं लेझर यांनीही हेच होतं.

आईंना या आठवड्यातच नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा एम्सच्या त्वचारोग विभागात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. दुखणं हे या आजाराचं सुरुवातीचं लक्षण नाही. डॉक्टर डर्मोस्कोपने (उजेड असलेल्या भिंगाने) बघतील. तळपायाच्या कातडीवर बोटांच्या ठशासारखे कंगोरे आणि त्यांच्यामध्ये खाचा असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा खाचांत भरलेला दिसतो, मेलानोमाचा रंग कंगोऱ्यांवर पट्ट्यापट्ट्यांनी दिसतो. शंका आली तर बायोप्सी होईल. डाग लहान असेल तर १ ते ३ मिलिमीटर कडेसकट पूर्ण काढतात, चरबीपर्यंत खोल. रुपयाएवढा असेल तर सर्वांत जाड किंवा उंचावलेल्या जागेचा खोल तुकडा घेतात. वरवर खरवडून घेतलेला नमुना इथे कामाचा नाही.

अहवालात तीन गोष्टी मागा: मिलिमीटरमध्ये ब्रेस्लो जाडी (गाठ किती खोल गेली ते), वर व्रण आहे का, आणि कडा मोकळ्या आहेत का. मेलानोमा निघालाच तर दुसऱ्या शस्त्रक्रियेत किती कड सोडायची ते जाडीवर ठरतं. १ मिलिमीटरपर्यंत जाडी असेल तर १ सेंटिमीटर कड, २ मिलिमीटरच्या वर २ सेंटिमीटर, मधल्या जाडीला १ ते २.

गोल आरएनएची तपासणी उपचारासाठी नागपुरातच काय, कुठेही नेहमीच्या वापरात नाही. आजार पसरलेला असेल तर गाठीच्या डीएनएमधला बीआरएएफ आणि किट या जनुकांतला बदल तपासतात, कारण त्यावर औषध निवडता येतं. सर्वसाधारण त्वचेच्या मेलानोमात बीआरएएफचा बदल जवळजवळ निम्म्या रुग्णांत सापडतो, तळव्याच्या प्रकारात बराच कमी. त्यामुळे तळव्याच्या मेलानोमात किटची तपासणी सोडू नये.

अकरावीच्या मुलांना आरएनए शिकवताना स्प्लायसिंगपर्यंत येतो. वर्तुळ कसं तयार होतं हे फळ्यावर पटवून देता येत नाही. (धरमपेठ)

फळा सोडा, कागदाची पट्टी घ्या. तिच्यावर पाच रंगीत चौकोन काढा, १ ते ५. हे एक्सॉन, म्हणजे संदेशात राहणारे तुकडे. मधले पांढरे तुकडे इन्ट्रॉन, ते कापून टाकले जातात; या कापून जोडण्यालाच स्प्लायसिंग म्हणतात. नेहमीच्या स्प्लायसिंगमध्ये १ चं शेपूट २ च्या तोंडाला, २ चं ३ च्या तोंडाला असं चिकटतं. आता ३ चं शेपूट मागे वळवून २ च्याच तोंडाला चिकटवा. २ आणि ३ ची बांगडी तयार होते. यालाच बॅक-स्प्लायसिंग म्हणतात. कात्री, डिंक, कारागीर सगळं तेच, फक्त उलट्या दिशेने जोडलेलं.

शेपूट मागे वळायला कारण लागतं. दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या तुकड्यांत एकमेकांना जुळणारे उलटसुलट आलू नावाचे पुनरावृत्त अनुक्रम असतात. ते जोडीने चिकटले की मधले एक्सॉन जवळ येतात. मुलांसमोर पांढऱ्या तुकड्यांवर वेलक्रो लावून दाखवा, लगेच कळतं. काही ठिकाणी क्यूकेआय नावाचं प्रथिन दोन्ही इन्ट्रॉन पकडून हेच काम करतं. पेशी आपली चिकट, चौकोनी ठेवण सोडून हालती होते तेव्हा क्यूकेआय वाढतं आणि अनेक वर्तुळांची संख्या बदलते. कर्करोग पसरण्याशी या विषयाचा धागा जुळतो तो इथे.

बांगडीला टोक नसतं. आरएनए कुरतडणारे बरेचसे विकर (एन्झाइम) टोकापासून सुरुवात करतात, म्हणून साधा संदेशवाहक आरएनए काही तासांत संपतो आणि अनेक वर्तुळं दोन-दोन दिवस टिकतात. इतिहास सांगायचा तर १९७६ मध्ये वनस्पतींचे व्हायरॉइड (नुसत्या आरएनएचे रोगकारक) वर्तुळाकार असल्याचं दिसलं, १९७९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आपल्यासारख्या पेशींच्या पेशीद्रवात तसे आरएनए दिसले. १९९१ मध्ये एका जनुकाचे एक्सॉन उलट क्रमाने जोडलेले सापडले, पण ती स्प्लायसिंगची चूक समजून बहुतेकांनी सोडून दिली. अशी वर्तुळं हजारोंनी आहेत हे २०१२-१३ च्या सुमारास उमगलं.

मेलानोमातल्या वर्तुळांवर वाचलेल्या जवळपास प्रत्येक शोधनिबंधात एकच आकृती आहे: वर्तुळ मायक्रोआरएनएला स्पंजासारखं शोषून घेतं, त्यामुळे अमुक प्रथिन वाढतं, गाठ वाढते. हे खरं मानायचं का? (अमरावती रोड, एम.एस्सी.)

मायक्रोआरएनए म्हणजे दुसऱ्या आरएनएला चिकटून त्याचं काम दाबणारा तोकडा आरएनए. आकृती सारखीच दिसते याचं कारण ती काढायला सोपी आहे. संगणकावर कुठल्याही वर्तुळाला कुठला ना कुठला मायक्रोआरएनए जुळतोच. खरा हिशेब संख्येचा असतो आणि तोच बहुतेकदा दिलेला नसतो.

समजा एका पेशीत तुमच्या वर्तुळाच्या १० प्रती आहेत आणि प्रत्येकावर त्या मायक्रोआरएनएसाठी २ जागा. म्हणजे २० खुर्च्या. मायक्रोआरएनएच्या प्रती ५,००० असतील तर सगळ्या खुर्च्या भरूनही ४,९८० उभेच राहतील. शिवाय त्याच मायक्रोआरएनएच्या जागा इतर शेकडो साध्या आरएनएवरही असतात. बहुतेक वर्तुळांच्या प्रती पेशीमागे अशाच थोड्या असतात. म्हणून स्पंजाचा दावा वाचताना तीन गोष्टी शोधा: दोन्हींच्या प्रती मोजल्या आहेत का, मायक्रोआरएनए ज्याच्यावर बसून काम करतो त्या एजीओ२ प्रथिनाबरोबर वर्तुळ ओढून दाखवलं आहे का, आणि वर्तुळावरच्या जागा बिघडवल्यावर परिणाम जातो का. नुसता ल्युसिफरेझचा (पेशीतली चमक मोजण्याचा) प्रयोग पुरेसा नाही. त्यात वर्तुळ आणि मायक्रोआरएनए दोन्ही कृत्रिमरीत्या इतके भरलेले असतात की काहीही काहीलाही चिकटतं.

स्पंजाची कल्पना आली ती सीडीआर१एएस या वर्तुळावरून, २०१३ मध्ये. त्याच्यावर एमआयआर-७ या मायक्रोआरएनएसाठी ७० हून जास्त जागा आहेत आणि मेंदूत ते भरपूर असतं. हे अपवादात्मक वर्तुळ आहे. पुढे अपवादालाच नियम समजून दोन जागांच्या वर्तुळांनाही स्पंज म्हटलं गेलं.

गंमत अशी की मेलानोमात याच सीडीआर१एएसवर जे सर्वांत भक्कम काम झालं, त्यात स्पंजाचा संबंध लागला नाही. २०२० च्या त्या अभ्यासाचा क्रम नीट समजून घ्या. मेलानोमा पुढे सरकतो तसं हे वर्तुळ वाढत नाही, नाहीसं होतं. ते एलआयएनसी००६३२ या लांब आरएनएच्या जनुकातून तयार होतं आणि त्या जनुकावर पीआरसी२ या प्रथिनसंचाचं कुलूप लागतं. डीएनएचा अनुक्रम शाबूत, पण डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर ‘बंद’ची खूण. वर्तुळ हटवलं की पेशी जास्त आक्रमक होतात आणि उंदरांत गाठ दूरवर पसरते. हा परिणाम एमआयआर-७ वर अवलंबून नव्हता. वर्तुळ आयजीएफ२बीपी३ नावाच्या आरएनए पकडणाऱ्या प्रथिनाला अडकवून ठेवतं. वर्तुळ गेलं की ते प्रथिन मोकळं होतं आणि आक्रमणाला लागणाऱ्या आरएनएंना बळ देतं.

या विषयातला आम्हाला सर्वांत आवडणारा मुद्दा हाच. ‘वर्तुळ वाढलं की कर्करोग वाढला’ असं सूत्र नाही. इथे एक वर्तुळ लगाम होतं आणि ते गेल्याने नुकसान झालं. उलट दिशेचे दावेही आहेत. सर्क_००८४०४३ हे एमआयआर-१५३-३पी अडवून स्नेल हे प्रथिन वाढवतं, सर्कएमवायसी हे एमआयआर-१२३६ मार्फत एलडीएचए हे विकर आणि साखरेचं ज्वलन वाढवतं, असं पेशींच्या प्रयोगांत दाखवलेलं आहे. ते वाचा, पण वरचा खुर्च्यांचा हिशेब पेन्सिलीने समासात करत वाचा.

आरनेस आर दिल्यावर माझं वर्तुळ साध्या आरएनएइतकंच कमी होतं. शिवाय पीसीआरच्या जेलवर एका पट्ट्याऐवजी शिडीसारखे तीन दिसतात. गाइड म्हणतात वर्तुळ खोटं आहे. (नागपूर, पीएच.डी.)

गाइड बरोबर असू शकतात, पण एवढ्या पुराव्यावर निकाल देऊ नका. आरनेस आर हा विकर टोक असलेला साधा आरएनए खातो आणि बंद वर्तुळ सोडतो, ही अपेक्षा असते. आधी तुमची कृती तपासू.

२ मायक्रोग्रॅम एकूण आरएनए घ्या, डीएनेस (डीएनए खाणारं विकर) दिलेला, आरआयएन (आरएनए किती अखंड आहे त्याचा दहापैकी गुण) ७ च्या वर. आरआयएन कमी असेल तर तिथेच थांबा. तुटलेलं वर्तुळ हे साधं आरएनएच असतं आणि विकर ते खाणारच. तुमच्या अडचणीचं आमच्या मते पहिलं संशयित कारण हेच. आरएनए ७० अंशांवर २ मिनिटं ठेवून लगेच बर्फात घाला, म्हणजे घड्या सुटतात. मग १० पट बफर २ मायक्रोलिटर, आरनेस आर ६ युनिट (मायक्रोग्रॅममागे ३), पाण्याने एकूण २० मायक्रोलिटर. ३७ अंशांवर १५ मिनिटं. बाजूला तशीच दुसरी ट्यूब, फक्त विकराऐवजी त्याचं साठवण-द्रावण. तिलाही तेवढाच वेळ, तेवढंच तापमान. ही जोडट्यूब न ठेवता बर्फातल्या आरएनएशी तुलना केली तर उष्णतेने झालेली हानी विकराच्या माथी मारली जाते. खूप विकर किंवा तासभर मुरवणं हेही चुकीचं. तेवढ्यात वर्तुळांनाही चिरा पडू लागतात आणि लांब वर्तुळं आधी जातात.

नंतर दोन्ही ट्यूबा कॉलमवर स्वच्छ करा आणि उलट-प्रतिलेखनाला (आरएनएवरून डीएनएची प्रत, म्हणजे सीडीएनए, काढायला) दोन्हीकडून सारखं आकारमान घ्या, सारखे नॅनोग्रॅम नव्हे. विकराने ९० टक्क्यांहून जास्त आरएनए खाल्लेला असतो. उरलेला पुन्हा मोजून सारखा केला तर वर्तुळ दहापट वाढल्याचा भास होतो. तुलनेसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या जीएपीडीएचने भागाकार करणं ही तिसरी चूक. तो साधा आरएनए आहे, विकराने तो संपवलेलाच असतो, मग भागाकार कशाने करणार? जोडट्यूब आणि विकराची ट्यूब यांच्यातला सीटीचा (पीसीआरच्या कितव्या फेरीत खूण दिसते त्या आकड्याचा) फरक सरळ लिहा. साध्या आरएनएचा सीटी ५ किंवा जास्त फेऱ्यांनी मागे जायला हवा, म्हणजे ३२ पट घट. वर्तुळाचा फारतर एखाद्या फेरीने सरकावा.

काही साधे आरएनएही वाचतात. आरनेस आर ३′ टोकाकडून खातो आणि सुरुवातीला त्याला सात-आठ मोकळे न्यूक्लिओटाइड लागतात. टोकच घडी घालून बसलं असेल तर पकड मिळत नाही. जी-क्वाड्रुप्लेक्सच्या गाठीपाशीही तो अडतो, आणि बफरमधलं पोटॅशियम ती गाठ घट्ट करतं. पोटॅशियमच्या जागी लिथियम घातलेला बफर आणि आधी पॉली-ए पॉलिमरेझने शेपूट जोडणं, या दोन बदलांनी हा गाळ बराच निघतो. म्हणून ‘आरनेस आरमध्ये टिकलं म्हणजे वर्तुळच’ हेही पुरेसं नाही.

आता शिडी. पट्ट्यांमधलं अंतर मोजा. ते तुमच्या वर्तुळाच्या लांबीएवढं असेल, म्हणजे १५०, ५५०, ९५० असे पट्टे आणि वर्तुळ ४०० चं, तर ही उलट आनंदाची गोष्ट आहे. उलट-प्रतिलेखक विकर वर्तुळावर फिरत राहतो, बैल घाण्याला फिरतो तसा, आणि दोन-तीन वेढ्यांची प्रत काढतो. साध्या आरएनएवर असं होत नाही. पीसीआरचा एक्स्टेन्शन १५ सेकंदांवर आणा, लहान पट्टा उरेल. अंतर जुळत नसेल तर मात्र प्रायमर बघा. ते एकमेकांकडे पाठ करून असावेत, उत्पादन ८० ते १५० बेसचं असावं. जोडावर (वर्तुळाचं शेपूट आणि तोंड जिथे मिळतं तिथे) बसणारा प्रायमर असेल तर त्याचं ३′ टोक जोडाच्या पलीकडे थोडंच जावं. १५-१६ बेस एकाच एक्सॉनवर जुळले तर तो साध्या आरएनएवरही चालतो. जीनोमिक डीएनएवर तेच प्रायमर लावा, काही येता कामा नये. पट्टा कापून सँगर पद्धतीने वाचून घ्या, जोड अक्षर-अक्षर दिसला पाहिजे.

तरीही एक फसवणूक उरते. उलट-प्रतिलेखक विकर एका साच्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि खोटा जोड तयार करतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे विकर वापरून पाहा. एकातच जोड दिसला तर सावध व्हा. सीडीएनए रॅन्डम हेक्सामरने करा. ऑलिगो-डीटीने (हा आरएनएच्या पॉली-ए शेपटालाच चिकटतो) केला तर बांगडीला शेपूटच नसल्याने हाती काही लागणार नाही. आणि निधी व हात दोन्ही असतील तर नॉर्दर्न ब्लॉट (प्रत न काढता आरएनए थेट बघण्याची पद्धत) करा. जुनं, किचकट काम आहे, पण ते जमलं की वाद उरत नाही.

पुढे एसआयआरएनएने (ठरावीक आरएनए नष्ट करवणाऱ्या छोट्या तुकड्याने) वर्तुळ कमी कराल तेव्हा निवडीला वाव फक्त जोडावरच्या २० बेसपुरताच असतो. जोड मध्ये धरून एक आणि दोन-तीन बेस सरकवून दुसरा, असे किमान दोन करा आणि दर वेळी मूळ साधा आरएनए जागचा हलला नाही हे मोजा. वाढवण्यासाठीचे प्लाझ्मिड वर्तुळाबरोबर भरपूर साधा आरएनएही तयार करतात, परिणाम त्याचाही असू शकतो.

आमच्याकडे मेलानोमाचे दहा-दहा वर्षांपूर्वीचे पॅराफिन ब्लॉक आहेत. त्यातून वर्तुळं मोजता येतील का? एकदा प्रयत्न केला, आरएनए काळा आला आणि पीसीआर चाललाच नाही. (मेडिकल चौक, पॅथॉलॉजी निवासी)

काळा रंग मेलॅनिनचा. ते आरएनएबरोबर उतरतं आणि उलट-प्रतिलेखक व टॅक (पीसीआरचं विकर) दोन्ही विकरांना अडवतं. आरएनए दहापट पातळ करून चालवून पाहा. सीटी ३.३ फेऱ्यांनी उशिरा यायच्या ऐवजी लवकर आला तर अडथळा मेलॅनिनचाच. कॉलमवरून दुसऱ्यांदा काढणं आणि पीसीआरमध्ये बीएसए घालणं यांनी बरंच सुधारतं. शक्य असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली कमी रंगाची पण गाठीचीच जागा खरवडा.

ब्लॉकमधल्या आरएनएला आरनेस आर देऊ नका. फॉर्मॅलिन आणि काळ यांनी वर्तुळं जागोजाग तुटलेली असतात, विकर ती साफ करून टाकेल. जोडावरचा ६० ते ९० बेसचा लहान तुकडा मोजा, एवढंच करा. आरआयएनकडे बघू नका, २०० बेसपेक्षा लांब तुकड्यांचं प्रमाण बघा.

आमचा सल्ला मात्र वेगळा आहे. खरवडून मोजण्याआधी काचेवर बघा. जोडावर बसणारे इन-सिटू प्रोब मिळतात, ते वर्तुळ कुठल्या पेशीत आहे ते रंगाने दाखवतात. रंग लाल निवडा, तपकिरी निवडला तर मेलॅनिनमध्ये तो हरवेल. आतड्याच्या कर्करोगात सीडीआर१एएस गाठीत वाढल्याचं अनेकांनी खरवडलेल्या नमुन्यांवरून लिहिलं होतं. २०२० मध्ये काचेवर पाहिलं तेव्हा ते कर्करोगाच्या पेशींत नव्हतंच, भोवतालच्या आधार-ऊतींत होतं. त्वचेत तर चेतातंतू, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी अशी गर्दी जास्तच. कुठल्या पेशीत आहे हे न बघता काढलेला आकडा गाठीचा की शेजाऱ्याचा, ते सांगता येत नाही.

नव्या नमुन्यांसाठी: निदानाचा भाग आधी १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट आकारमानात. तो पूर्ण मिळाल्याशिवाय संशोधनाला तुकडा तोडायचा नाही, कारण पातळ गाठीत जाडीच हरवते. उरलेला तुकडा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको, आरएनए-रक्षक द्रावणात रात्रभर ४ अंशांवर, मग उणे ८०. सिक्वेन्सिंगला बाहेरगावी पाठवायचं असेल तर नागपूरच्या मे महिन्यात थर्मोकोलच्या डब्यात २ किलो ड्राय आइस दुपारपर्यंतही भरवशाचा नाही. दोन दिवसांच्या प्रवासाला १० किलो धरा, डब्याचं झाकण हवाबंद चिकटवू नका (वायू साठून डबा फुटतो), आणि शुक्रवारी पाठवू नका. सिक्वेन्सिंगची लायब्ररी (वाचनासाठी तयार केलेला नमुना) रायबोसोमल आरएनए काढून टाकणारी मागा. पॉली-ए निवडीची झाली तर वर्तुळं कचऱ्यात जातात, आणि ही चूक बिल आल्यावरच लक्षात येते.

रक्तातल्या सर्क्युलर आरएनएवरून त्वचेचा कर्करोग ‘९५ टक्के अचूक’ ओळखतो, अशी जाहिरात मोबाइलवर आली. घरातल्या सगळ्यांची करून घ्यावी का? (त्रिमूर्तीनगर)

नको. हिशेब नागपूरजवळच्या जामठ्याच्या स्टेडियमवर करू. सामना भरगच्च आहे, ४५ हजार लोक बसलेत. उदारपणे धरू की दहा हजारांत एकाला मेलानोमा आहे. आपल्याकडे तो याहून विरळ आहे. म्हणजे स्टेडियममध्ये चार-पाच रुग्ण. तपासणी निरोग्यांपैकी ५ टक्क्यांना चुकून ‘आहे’ म्हणते, म्हणजे २,२५० लोकांना. ‘आहे’ असा अहवाल हातात आलेल्या दर पाचशेएक जणांत एखादा खरा रुग्ण, बाकीचे झोप उडालेले.

दुसरं, रक्तातल्या वर्तुळांचा मोठा वाटा बिंबिकांतून (प्लेटलेट्समधून) येतो. त्यांना केंद्रक नसतो, नवा आरएनए बनत नाही, साधा संपत जातो आणि वर्तुळं मागे उरतात. रक्त काढल्यावर प्लाझ्मा वेगळा करायला उशीर झाला, किंवा एकदाच फिरवून बिंबिका आत राहिल्या, तर आकडा गाठीशिवायही वर जातो. संशोधनात ईडीटीएच्या नळीत घेऊन दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये १,६०० g (गुरुत्वाच्या १,६०० पट) वर १० मिनिटं आणि पुन्हा १६,००० g वर १० मिनिटं फिरवतात. हेपॅरिनची नळी चालत नाही, ते पीसीआर अडवतं. घरी येऊन नमुना नेणारा मुलगा दुपारभर गाडीच्या डिक्कीत तो फिरवणार असेल तर काय मोजलं जाईल ते तुम्हीच ठरवा.

पैसे वाचवा आणि महिन्यातून एकदा उजेडात तळपाय, बोटांच्या फटी, नखं बघा. नखात एकाच बोटाला तपकिरी-काळी उभी रेघ, ३ मिलिमीटरपेक्षा रुंद किंवा बुडाशी पसरट, किंवा रंग नखाच्या मुळाशी कातडीवर उतरलेला असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

स्क्वॅमस सेल कर्करोगाच्या आमच्या नमुन्यांत बहुतेक वर्तुळं निरोगी त्वचेपेक्षा कमी दिसतात. सगळीच गाठीला रोखणारी कशी असतील? (वर्धा रोड)

नसतील. दोन साधी कारणं आधी बाद करा. पेशी भराभर विभागतात तेव्हा सावकाश साठणारी वर्तुळं नव्या पेशींमध्ये वाटली जाऊन विरळ होतात, रोज पाणी घातलेल्या वरणासारखी. दुसरं, बाह्यत्वचेची पेशी खालून वर येत परिपक्व होते तशी तिच्यातली वर्तुळं वाढतात. गाठीतल्या पेशी परिपक्वच होत नाहीत, म्हणजे ती कमी असणारच. केआय-६७ (पेशी विभागत असल्याची खूण) आणि केराटिन-१० (परिपक्वतेची खूण) यांच्याशी प्रत्येक वर्तुळाचा संबंध काढा, आणि वर्तुळाची तुलना त्याच जनुकाच्या साध्या आरएनएशी करा. या दोन्हीनंतरही जे दोन-चार घटलेले उरतील, त्यांच्यावर वर्ष घालवा. मोजण्यासाठी एकच सॉफ्टवेअर वापरलं असेल तर दुसरंही चालवा. दोघांत न जुळणारी आणि दोनपेक्षा कमी वाचनांवर उभी असलेली नावं सोडून द्या.

सासूबाईंचा पाय चुलीवर भाजला त्याला २५ वर्षं झाली. त्या व्रणावर आठ महिन्यांपासून जखम आहे, मलमाने भरत नाही, कडा वर आल्या आहेत, वास येतो. आरएनएचा प्रश्न नाही, पण विचारते. (इतवारी)

हाच प्रश्न आधी घ्यायला हवा होता. जुन्या भाजल्याच्या व्रणावर अनेक वर्षांनी स्क्वॅमस सेल कर्करोग होऊ शकतो, त्याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. तीन महिन्यांत न भरलेली आणि कडा उचललेली अशी जखम मलमाखाली ठेवायची नसते. सर्जरी किंवा प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत न्या, जांघेतल्या गाठीही तपासायला सांगा. बायोप्सी जखमेच्या मधून घेऊ देऊ नका, तिथे मृत ऊती आणि पू निघतो आणि अहवाल ‘फक्त सूज’ येतो. उचललेल्या कडेवरून, तीन-चार वेगळ्या जागांहून, थोड्या चांगल्या कातडीसकट तुकडे हवेत. अहवाल स्वच्छ आला आणि जखम तरीही तशीच राहिली, तर महिन्याभरात पुन्हा घ्यायला सांगा.